दोन्ही राण्या विधवा, मग लाल पैठणी आणि हिरवा शालू कोणाला? ताराबाई–राजसबाई चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल

सुईदोरा_महाल
नमस्कार मंडळी. छत्रपती राजारामांच्या दोन राण्या, ताराबाई आणि राजसबाई, यांच्यातल्या गादीच्या झगड्यावर साधारण ५० मिनिटांचा चित्रपट नागपुरात होऊन राहिला आहे. वेशभूषेची जबाबदारी माझी. चित्रीकरण डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रामटेक आणि नगरधनच्या बाजूला, अकरा दिवसांचं. कथा दोन काळांत आहे: जिंजीच्या मुक्कामातले दोन छोटे प्रसंग, आणि मग १७०० पासून १७१४ पर्यंत, शेवट पन्हाळ्यावर.

दिग्दर्शकाने दिलेल्या संदर्भचित्रांत ताराबाई लाल पैठणीत आहे, राजसबाई हिरव्या शालूत. दोघींना नथ, चंद्रकोर, गळाभर साज. त्यांचं म्हणणं असं की लांबच्या दृश्यातही प्रेक्षकाला कोण कोणती ते पटकन कळलं पाहिजे. ते मला पटतं. पण कपडे पटत नाहीत.

विचारायचं ते असं. रंगांशिवाय दोघींना वेगळं कसं करावं? कापड नागपुरातच मिळेल का? ताराबाईचे घोड्यावरचे तीन प्रसंग आहेत, तर नऊवारी शिवून घ्यावी की नेसवावी? आणि आमचा ध्वनीवाला आत्ताच म्हणतो आहे की रेशीम नको. मुख्य भूमिका दोन, दासी सहा, गर्दी वीसेक जणांची.

तटबंदी_१७१४
ताई, तुमची शंका योग्य आहे आणि तिचं उत्तर तारखांमध्ये आहे. राजाराम महाराज २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर वारले. तुमच्या कथेचा मोठा भाग त्याच्या नंतरचा, म्हणजे पूर्ण झगडा दोन विधवांचा आहे. कुंकू, मंगळसूत्र, नथ, जोडवी, हिरवा चुडा, यातलं काहीच १७०० च्या मार्चनंतर अंगावर नको. लाल पैठणी तर नकोच नको. दिग्दर्शकांना हे सांगताना "इतिहास असा आहे" एवढंच सांगू नका, त्यांना दृश्य सांगा: दोन पांढऱ्या बायका, मध्ये एक गादी. मला तरी लाल-हिरव्यापेक्षा हे कितीतरी जास्त धारदार वाटतं.

आलवण दाखवू नका. तांबडं आलवण आणि केशवपन हा ब्राह्मणी रिवाज. छत्रपतींच्या घराण्यातल्या स्त्रियांना पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर आणि पदराखाली केस राहू द्या.

वयं पाहून घ्या, कारण रंगभूषेत इथेच गडबड होते. ताराबाईंचा जन्म १६७५ चा. म्हणजे राजाराम गेले तेव्हा त्या पंचविशीच्या, आणि १७१४ मध्ये राजसबाईने त्यांना पन्हाळ्यावर कैद केलं तेव्हा एकोणचाळिशीच्या आसपास. पांढऱ्या केसांचा टोप लावून आजीबाई करू नका. मुलांचंही तसंच. ताराबाईंचा शिवाजी १६९६ चा, राजसबाईचा संभाजी १६९८ चा. १७०० मध्ये एक चार वर्षांचा आणि दुसरा दोन वर्षांचा हे ठीक, पण १७१४ मध्ये ते अठरा आणि सोळा वर्षांचे जवान आहेत. एकाच बालकलाकाराला शेवटपर्यंत वापरलं तर पन्हाळ्याच्या प्रसंगाचा अर्थच बदलतो. आईच्या मांडीवरच्या बाळाला गादीवर बसवलं असं दिसेल, तर प्रत्यक्षात एका जवान मुलाला उतरवून दुसऱ्याला बसवलं होतं. तो उतरलेला मुलगा पुढे कैदेतच १७२६ मध्ये गेला.

जिंजीच्या प्रसंगांत मात्र हवे तेवढे रंग आणा. तेव्हा दोघीही सवाष्ण, विशीच्या आत-बाहेर. तिथला लाल रंग पुढच्या चाळीस मिनिटांत कुठेच नाही, हे प्रेक्षकाच्या मनावर आपोआप ठसेल.

करवत_उमरेड
कापडाबद्दल लिहितो. पांढरं म्हणजे एक रंग नाही, तिथे चार-पाच कापडं आहेत आणि नागपुरात बसून हे काम करणं हा तुमचा फायदाच आहे.

ताराबाईला सुती द्या, राजसबाईला कोसा, म्हणजे टसर रेशीम. सुतीचा पांढरा मऊ असतो, प्रकाश शोषतो, घडी पडते, धूळ धरतो. कोशाचा मूळ रंग मधाळ, फिकट बदामी. तो उजेड परत फेकतो आणि घडीला कडक कोन येतो. दहा हातांवरून कळतं की या दोन बायका वेगळ्या आहेत, आणि दोन्ही लुगडी बिनरंगाची. शिवाय कोसा सोवळ्याला चालतो, पूजेला नेसतात, त्यामुळे विधवा राणीच्या अंगावर तो खटकत नाही.

सुतीसाठी बाजारातलं धुवट पांढरं घेऊ नका. त्यात चमक आणणारी रसायनं असतात, उन्हात ते निळसर उजळतं. कोरं कापड मागा, न धुतलेलं, किंचित पिवळट. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागांत जुने कोष्टी विणकर अजून आहेत, तिथे नऊवारी पन्हा सांगून विणून मागता येतो, फक्त आधी सांगा, आठवड्यात होणार नाही. गांधीबाग आणि इतवारीत कोरं थान मिळतं, पण दासी आणि गर्दीसाठीच ते घ्या. ताराबाईसाठी ८० नंबरचं सूत, मोहिमेच्या प्रसंगांना ६०, दासींना ४०. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दुकानात पुष्कळदा आठ मीटरच देतात. उंच नटीला तेवढ्यात काष्टा ओढून बसतो आणि पदर डोक्यावरून घेतला की कमरेला कापड उरत नाही. डोक्यावर पदर असणार असेल तर साडेआठ ते नऊ मीटर घ्या.

कोरं कापड आधी खळ काढून घ्या, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. एका सुती लुगड्याचं वजन साधारण किलोभर धरा. वीस लिटर पाणी, २० ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा साबण, तासभर मंद उकळी, मग तीन पाण्यांतून काढा. एवढ्याने ते कोऱ्यापेक्षा उजळ आणि धुवटापेक्षा मंद होतं. अजून उतरवायचं तर चहा: ३० ग्रॅम साधी चहापत्ती दोन लिटर पाण्यात उकळून कापडातून दोनदा गाळा, १८ लिटर कोमट पाण्यात मिसळा, ओलं लुगडं एकदम पूर्ण बुडवा आणि पंधरा मिनिटं हलवत राहा. हलवणं थांबलं की घडीच्या रेषा उमटतात, त्या मग जात नाहीत.

पाणी कोणतं, ते पाहा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर चहातलं टॅनिन त्याला धरतं आणि कापड करडं पडतं. लोखंडी घमेलंही नको. स्टील किंवा प्लास्टिकची टाकी, नळाचं पाणी, आणि आधी वितभर तुकड्यावर चाचणी.

कोशाला यातलं काहीच करू नका. क्लोरीनचं ब्लीच तर चुकूनही नाही, रेशीम प्रथिन आहे, ते कुजून जाईल. गार पाणी, रिठा, सावलीत वाळवण.

तटबंदी_१७१४
कोसा चालेल, पण करवती काठाचा नको. करवतीच्या दातऱ्यांचा काठ विदर्भातला माणूस झोपेतही ओळखेल आणि तुमचा पहिला प्रेक्षक नागपूरचाच आहे. पन्हाळ्यावरची राणी उमरेड-भंडाऱ्याचं लुगडं नेसून बसली असं वाटलं की तो कथेतून बाहेर आला.

करवत_उमरेड
मान्य. नाव करवत घेऊनही मान्य करतो. करवती काठ तीन धोट्यांनी विणतात, काठाचं सूत अंगाच्या रेशमाशी अडकवत, म्हणून तो दाता उठतो. सरळ काठ सांगितला की काम सोपंच होतं. भंडारा जिल्ह्यात आंधळगाव-मोहाडीकडे अंग कोशाचं आणि काठ बिनरंगी, बोटभर, असा विणून मागता येईल. फक्त काठ सुती असेल तर पहिल्या धुण्यात तो आटतो, रेशीम तेवढं आटत नाही, आणि कडेला चुण्या पडतात. म्हणून नेसवण्याआधी एकदा गार पाण्यातून काढून, ताणून, सावलीत वाळवा. काठही कोशाचाच घेतला तर हा त्रासच नाही.

राखाडी_कार्ड
छायाचित्रणाच्या बाजूने. पांढरं लुगडं आणि गव्हाळ चेहरा एका चौकटीत आले की चेहऱ्यासाठी उजेड धरला तर कापड फुटतं, त्यातली वीण जाते आणि नुसता पांढरा ठिपका उरतो. मधलं राखाडी १८ टक्के उजेड परावर्तित करतं, धुवट पांढरं ९० च्या आसपास. हा फरक सव्वादोन स्टॉपांपेक्षा थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चहात काढलेलं कापड साठ टक्क्यांच्या जवळ आलं तर अर्ध्या स्टॉपापेक्षा थोडा जास्त दिलासा मिळतो, आणि डिसेंबरच्या दुपारी उघड्यावर तेवढ्यानेच काम होतं. लुगडी रंगवून झाली की राखाडी कार्डाबरोबर नटीच्या चेहऱ्याजवळ धरून एक चाचणी घ्या, भर उन्हात आणि दिवट्यांच्या उजेडात दोन्हीकडे. चहाचा पिवळेपणा दिवट्यांच्या उजेडात दुप्पट दिसतो. रात्रीच्या प्रसंगांसाठी एक लुगडं चहाविना ठेवा.

अजून एक. बारीक चौकडी, बारीक रेघा, जाळीदार वीण यांवर सेन्सरचा मोआरे येतो, कापड पाण्यासारखं लहरतं. ते नंतर संगणकावर नीट निघत नाही. दासींची लुगडी घेताना मोबाइलने नाही, जो कॅमेरा वापरणार त्यानेच पाच, दहा आणि पंधरा फुटांवरून पाहा.

जिंजीच्या प्रसंगांतली जर पाहून घ्या. प्लास्टिकची जर एलईडीखाली निळसर-पांढरी चमकते, खरी जर पिवळसर आणि मंद. कडेचा एक धागा जाळून पाहा: वितळून गोळी झाली तर प्लास्टिक.

सुईदोरा_महाल
तटबंदीभाऊ, करवतभाऊ, मनापासून आभार. कोरं आणि कोसा हे दिग्दर्शकांना नमुने दाखवून पटलं. आता जिंजीचे रंग सांगा. त्यांना एकीला तरी राणी कलर हवा आहे. आणि कैदेनंतरची ताराबाई कशी दाखवावी?

मंजिष्ठा
रंग माझ्याकडून. बाजारातला झगझगीत राणी कलर म्हणजे मॅजेंटा, आणि तो १८५९ च्या सुमाराचा कृत्रिम रंग आहे. पहिला कृत्रिम रंगच मुळी १८५६ चा. त्याआधीच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या राणीला तो मिळणं शक्य नाही. पण गुलाबी हवाच असेल तर कुसुंबा आहे: करडईच्या फुलांचा, उजळ, किंचित केशरीकडे झुकणारा गुलाबी. तो उन्हात आणि पाण्यात टिकत नाही, म्हणून जुन्या काळी पुनःपुन्हा रंगवत. तुम्ही तो रासायनिक रंगात जुळवून घ्या, फक्त निळी झाक काढायला सांगा. रंगाऱ्याला "राणी" हा शब्दच उच्चारू नका, डाळिंबाच्या फुलाचा नमुना न्या.

लाल हवा असेल तर मंजिष्ठा आणि आल या झाडांच्या मुळ्यांचा, विटकरीकडे जाणारा, दबका. लाखेचा लाल जास्त खोल, जांभळ्याच्या कडेचा, तो रेशमावर छान बसतो. निळा निळीचा. हिरवा म्हणजे निळीवर हळदीचा किंवा डाळिंबसालीचा थर, त्यामुळे जुना हिरवा कधी पोपटी-चकचकीत नसतो. पिवळा हळदीचा, केशरी पळसाचा. हे सगळे रंग एकमेकांशी भांडत नाहीत, कारण प्रत्येकात थोडी माती आहे. बाजारातून तयार लुगडी आणली तर नेमकं हेच हरवतं.

जिंजी तमिळ मुलखात आहे हे विसरू नका. कोरोमंडल किनाऱ्यावर त्या काळी कलमकारी छिटाचा मोठा व्यापार होता. राण्यांच्या अंगावर नको, पण बिछायती, पडदे, तंबूच्या आतलं अस्तर कलमकारीचं घ्या, म्हणजे जागा बदलली हे संवादाविना कळेल. पैठणी एकीलाच आणि ती हातमागाची उसनी आणा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्रमागाच्या पदरामागे धागे लोंबतात आणि पदर वाऱ्यावर उलटला की कॅमेऱ्यात तेच दिसतं.

कुंकवाला चिकट टिकली नको. आधी मेणाचा ठिपका, वर पिंजर. मोती एकसारखे गोल नकोत, तसे संवर्धित मोती विसाव्या शतकातले. इतवारी सराफ्यात ओबडधोबड, वेगवेगळ्या आकाराचे नकली मोती मागा. खडे पैलूदार नकोत, पोलकीसारखे सपाट आणि धुरकट. सोन्याचा मुलामा फार पिवळा असेल तर तपकिरी बुटपॉलिश पातळ लावून पुसून घ्या, खाचांत राहतं आणि दागिना जुना दिसतो. अंगाला लागणारी बाजू मात्र कोरडी ठेवा, नाहीतर पांढऱ्यावर डाग.

आता कैद. नवं लुगडं आणू नका. मोहिमेच्या प्रसंगात जे ६० नंबरचं होतं तेच जुनं करा, प्रेक्षकाला ओळखू आलं पाहिजे की हे तेच आहे. आठ-दहा धुणी द्या. मग गुडघा, बसण्याची जागा, पदराचं टोक आणि काठाची खालची कड इथेच खरडायच्या दगडाने, ओलं असताना, हलक्या हाताने घासा. सगळीकडे सारखं घासलं की कापड जुनं नाही, खराब दिसतं. एक-दोन जागी त्याच सुताने रफू करा. रफू दिसू द्या. आणि त्याच वेळी राजसबाईचा कोसा अगदी नवा, घडी न मोडलेला. म्हणजे गादी कोणाकडे गेली ते कापडच सांगतं.

काठाला माती लावताना पन्हाळ्याची लावा. तिथे जांभा आहे, माती तांबडी. नगरधनकडची माती काळी. चित्रीकरणात काठाला काळी लागणारच, म्हणून आधीच गेरू आणि मुलतानी माती निम्मी-निम्मी पाण्यात कालवून ब्रशने खालची चार बोटं रंगवून ठेवा, सुकल्यावर झटका. काळी माती वर लागली तर ओलेपणी चोळू नका, आत जाते. पूर्ण वाळू द्या, मग काठीने झटका.

काष्टा_नऊवार
नेसवण्याचा प्रश्न राहिला. शिवलेली नऊवारी मुख्य भूमिकांना नको. निऱ्या दर दृश्यात सारख्याच, नाडीचा किंवा इलॅस्टिकचा फुगवटा कमरेला, आणि काष्टा मागे चपटा. घोड्यावरच्या बदली नटीला ती चालेल, कारण तिचं जवळचं दृश्य नाही.

पद्धत अशी. आत सुती तोकडी विजार, गुडघ्याच्या वर. कमरेला दोन मीटरची सुती नाडी घट्ट. डावीकडचं टोक हातभर सोडून बेंबीजवळ लुगड्याची गाठ. मग लांब बाजू मागून फिरवून पदराची लांबी आधी ठरवा, डोक्यावर घेऊनच ठरवा, आणि तो खांद्याला तात्पुरता टाचा. मध्ये उरलेल्या कापडाच्या निऱ्या, बोटभर कमी-जास्त असू द्या, आणि त्या नाडीत खोचा. निऱ्यांच्या खालच्या कडेचा मध्य धरून दोन्ही पायांमधून मागे न्या आणि मणक्यावर खोचा. राजघराण्यातली बाई, म्हणून लांबी घोट्यापर्यंत. गुडघ्यावरचं नेसणं शेतातल्या, कामकरी बायकांचं, ते दासींनाही सरसकट नको.

चूक कुठे होते? नटी सरळ उभी असताना काष्टा कसून ओढतात. रिकिबीत पाय घातला, मांडी वर आली, की मागचं खोचलेलं सुटतं. म्हणून काष्टा खोचताना तिचा एक पाय चौरंगावर ठेवा आणि चार बोटं ढील द्या. मग मागे पाच-सहा हातटाके, त्याच रंगाच्या सुती दोऱ्याने, लुगडं ते नाडी असे घाला. टाचण्या कोशाला नकोतच: धागे सरकून भोक पडतं, आणि उन्हात टाचणी चमकते. टाके उसवायला दोन मिनिटं, घालायला सात-आठ. पहिल्या दिवशी एका नटीला पाऊण तास धरा, चौथ्या दिवसापासून वीस मिनिटांत होतं.

खोगीर नवं, चामड्याचा रंग ओला असलेलं असेल तर पांढऱ्यावर तपकिरी उतरतो. त्यावर जुनं घोंगडं टाका, दिसायलाही बरोबर.

चोळी पुढे गाठ मारायची, हुक नाही, टक्स नाहीत, पाठ पूर्ण झाकलेली, बाही कोपराच्या वर. विधवापणाच्या प्रसंगांत चोळीही पांढरी आणि बिनकाठाची. गाठीचा फोटो प्रत्येक दृश्याआधी काढा, सातत्य सर्वात आधी तिथेच तुटतं. एका मुख्य भूमिकेला त्याच लुगड्याचे तीन संच हवेत. पांढरं आहे, दुपारपर्यंत मळतं, रात्री धुवायचं, आणि तिसरा संच घोड्याच्या प्रसंगासाठी बाजूला.

बूम_वर_धरा
तुमच्या ध्वनीवाल्याचं म्हणणं अर्ध बरोबर आहे. कोसा सळसळतो, त्यातही खळ किंवा कांजी लावलेला जास्त. पण राजसबाईच्या प्रसंगांत ती सळसळ थोडी ऐकू आली तर वाईट नाही, फक्त ती संवादावर चढू नये. लेपल माइक, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक, पदरावर कधीच नको. चोळीच्या गाठीच्या आत, छातीच्या मधल्या हाडावर, खाली-वर चिकटपट्टीचे दोन त्रिकोण करून माइक मध्ये पकडा, वायरीचा एक वळसा देऊन ती पट्टीने धरा, म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. कांजी फक्त लांबच्या दृश्यांच्या संचाला. जवळच्या दृश्यांसाठी दोनदा धुतलेला, बिनकांजीचा कोसा. आणि दर जागी, नटी कपड्यांत असताना, कोणी न बोलता फक्त बसणं-उठणं-वळणं असं मिनिटभर ध्वनिमुद्रण करून ठेवा. नंतर संवाद बदलायची वेळ आली तर तीच सळसळ परत घालता येते.

मोडी_वाचन
वेशभूषेचं नाही, पण राण्यांच्या हातातलं आहे म्हणून लिहितो. पन्हाळ्याच्या प्रसंगात पत्र दिसणार असेल तर ते मोडीत हवं, देवनागरीत नाही. आधी ओळ आखायची, मग अक्षरं तिला लटकवायची, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, परिच्छेद नाहीत. बोरूने लिहून घ्या, फॉन्ट छापू नका, कारण फॉन्टमध्ये प्रत्येक "क" सारखा येतो. कागद हातकागद, कडा सरळ न कापलेल्या.

विधवा राणीच्या अंगावर दागिना नाही, मग सत्ता कशात दिसणार? शिक्के-कट्यारीत, म्हणजे अधिकाराची खूण असलेल्या शिक्क्यात आणि कट्यारीत. ताराबाईच्या प्रसंगांत शिक्के-कट्यार तिच्या हाताच्या अंतरावर ठेवा, उशाशी, चौरंगावर, पण सतत चौकटीत. १७१४ च्या प्रसंगात ती जागा रिकामी दाखवली की संवादाची गरज नाही.

पुरुषांचं थोडक्यात: पुणेरी पगडी नको, ती एकोणिसाव्या शतकातली. जाम्याचा (लांब, घेरदार अंगरख्याचा) बंद हिंदू सरदारांना डाव्या बाजूला, मुघल दरबारातल्या मुसलमानांना उजव्या. भाड्याने आणलेले जामे बहुतेक एकाच बाजूचे शिवलेले असतात, आणल्याबरोबर तपासा. बंद उसवून दुसऱ्या बाजूला लावणं शिंप्याचं अर्ध्या तासाचं काम आहे, पण तळावर शिंपी नसतो.

सुईदोरा_महाल
एक शेवटचं. पन्हाळा म्हणून नगरधन चालेल का? आणि दोघींची समोरासमोरची एकच भेट आहे, रात्रीची, दिवट्यांच्या उजेडात. तिथे दोन्ही पांढरी सारखी दिसतील अशी भीती वाटते.

तटबंदी_१७१४
नगरधनची तटबंदी आणि बुरूज जवळून चालतील, लांबून नाही, कारण ते सपाटीवर आहे आणि पन्हाळा डोंगरावर. दरवाजा, तट, आतली जमीन एवढंच घ्या, क्षितिज टाळा. परवानगी लेखी काढा आणि दिवट्या, धूर, घोडा हे तीनही शब्द अर्जात लिहा, नाहीतर तिथे गेल्यावर थांबवतील. नागपुरातल्या महाल भागातला भोसल्यांचा परिसर या कथेला घेऊ नका. १७१४ मध्ये नागपूर देवगडच्या गोंड राजांचं होतं, आणि ती वास्तू ओळखणारे सगळे तुमच्याच प्रेक्षकांत बसलेले असतील.

राखाडी_कार्ड
भेटीच्या प्रसंगाला कोशावर उजेड बाजूने द्या, सुतीवर समोरून आणि मंद. कोसा बाजूच्या उजेडात घडीघडीला चमकतो, सुती समोरच्या उजेडात सपाट होतं. दिवट्या खऱ्या पेटवा, पण चेहऱ्यावरचा उजेड त्यांचा नको, तो हलतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा एक मऊ दिवा चौकटीबाहेरून द्या. ताराबाईचं लुगडं इथे बिनचहाचं घ्या, वर सांगितलेलं. आणि दिवटी नटीपासून सहा फुटांच्या आत असेल तर पदर डोक्याला हातटाक्यांनी पक्का करा, बादलीभर वाळू आणि ओलं घोंगडं चौकटीच्या बाहेर, हाताशी. कोरं सुती कापड रेशमापेक्षा फार लवकर पेट घेतं.

काष्टा_नऊवार
आणि त्या रात्रीच्या प्रसंगाला गुडघ्यापासून खालचं सुती लुगडं पाण्याचा फवारा मारून किंचित दमट ठेवा. दिसत नाही, ठिणगी धरत नाही, आणि घडीही छान पडते.